सर्फिंगवाल्या मित्रांसोबत पुणे ते मुल्की: गाडीत गाणी कुठली लावावीत?

खारट_चहा | गुरुवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवीये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून मुल्कीला चाललोय. गाडी माझी, चालवणारही बहुतेक मीच. बाकीच्या तिघांतले दोघं पक्के सर्फर, म्हणजे रविवारी फोन केला की 'थांब, स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) बघतोय' म्हणणारे. तिसरा बंड्या, तो माझ्याच पंथातला, बोर्डवर उभं राहायच्या आधी तोंडात वाळू जाणारा. मुल्की माहीत नसेल त्यांच्यासाठी, उडुपी आणि मंगळूरच्या मधे शांभवी नदी समुद्राला मिळते तिथलं गाव, भारतातला पहिला सर्फ क्लब तिथलाच, २००४ चा. पुण्यापासून ७०० च्या वर किलोमीटर, कोल्हापूर बेळगाव हुबळी करत अंकोल्याला समुद्राला लागायचं आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली.

आता प्रॉब्लेम असा की मागच्या वर्षी याच रस्त्यावर आमची गाण्यांवरून बोलाचाली बंद झाली होती. पहाटे चारला निघालो आणि लंबूने (हा इथे सदस्य आहे, येईलच बोंबलत) कुठलीतरी तयार सर्फ गिटारची प्लेलिस्ट लावली. खंबाटकीपर्यंत भारी वाटलं, साताऱ्याला डोकं ठणकायला लागलं, आणि कराडला मी सांगितलं की आता एक जरी गिटार किणकिणली तर मी गाडी इथेच सोडून एसटीने घरी जाणार. दुपारी यल्लापूरच्या पुढे अरबैल घाटात नेटवर्क गेलं, आणि माझ्या फोनमध्ये उतरवून ठेवलेलं काय होतं तर भाचीची बडबडगीतं. ट्रकच्या मागे सव्वा तास चार दाढीवाले बेडूकमामा ऐकत बसलो होतो हो.

त्यात भर म्हणजे टपावर नऊ फुटी लाँगबोर्ड. पट्ट्यांनी आवळून बांधलाय पण गाडी ऐंशीच्या आसपास गेली की वरून असा हूंऽऽऽ आवाज सुरू होतो की हळू गाणं असेल तर ऐकूच येत नाही.

तर पहाटे झोप येणार नाही, डोकं उठणार नाही, घाटात चालेल आणि त्या हूंऽऽऽ मधून ऐकू येईल असं काहीतरी सुचवा.

मॅगी_पॉइंट | गुरुवार, रात्री ११:५२

कोळीगीतं लावा, विषय संपला. समुद्र, लाट, होडी, सगळं आलं.

पत्ता_बदलला | शुक्रवार, सकाळी ७:१५

'सागरा प्राण तळमळला' लावा. सर्फरांच्या घरच्यांना निदान कळेल यांना नक्की काय होतं ते.

मिरजकरीण | शुक्रवार, सकाळी ८:३०

@पत्ता_बदलला, सावरकरांना ते १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं, घराकडे परत ने म्हणून समुद्राला विनवणी आहे ती. घर सोडून समुद्राकडे धावणाऱ्यांनी ती लावायची म्हणजे कमालच झाली. परतताना लावा.

@खारट_चहा, तुम्ही जो रस्ता म्हणताय ना पुणे ते हुबळी, तो गाण्याचाच रस्ता आहे हो, आणि तुम्ही त्यावरून बडबडगीतं वाजवत गेलात! माझ्या मिरजेत तंबोरे सतार अजून घडतात, अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. पुढे बेळगावजवळ सुळेभावी, कुमार गंधर्वांचा जन्म तिथला. धारवाडजवळचं मन्सूर हे मल्लिकार्जुन अण्णांचं गाव. हुबळीच्या बाजूला कुंदगोळ, तिथे सवाई गंधर्वांकडे भीमसेन शिकले आणि गंगूबाई हुबळीहून आगगाडीने शिकायला जायच्या. तुम्ही पुणेकर १९५३ पासून ज्यांच्या नावाचा महोत्सव करता ते सवाई गंधर्व हेच. आणि तुम्ही निघताय पहाटे चारला, पोचताय रात्री, म्हणजे अख्खा दिवस रस्त्यात. रागांच्या वेळा लावून जा की सरळ. चारला निघालात की ललत, कराडच्या आसपास उजाडेल तेव्हा भैरव, कोल्हापूर निपाणी तोडी, हुबळीला बारा वाजता सारंग, घाटात भीमपलास, आणि समुद्रावर सूर्य बुडताना मारवा. कोणाला भांडायला जागाच राहात नाही, काय लावायचं ते घड्याळ ठरवतं.

लाँगबोर्ड_लंबू | शुक्रवार, सकाळी ९:०५

बोंबलत आलो. मिरजकरीण ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो, पहाटे चारला विलंबित ललत लावला तर आमचा हा ड्रायव्हर शिरवळच्या आधी समाधी लावेल आणि आम्हीही त्याच्यासोबत. आणि मारवा? चार भुकेली माणसं गाडीत, तेरा तास झालेले, त्यावर मारवा लावायचा? खून होईल.

मागच्या वर्षीच्या प्लेलिस्टबद्दल मी माफी मागणार नाही. ती चुकीच्या वेळी लावली एवढंच. आणि एक नियम आत्ताच सांगून ठेवतो, 'वाइप आउट' नावाचं जे १९६३ चं गाणं आहे ते पाण्यात उतरायच्या आधी वाजवायचं नाही. वाइपआउट म्हणजे बोर्डवरून तोंडघशी पडणं. मागच्या वर्षी हुबळीला वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी माझं बोर्ड माझ्याच हनुवटीला लागलं. अंधश्रद्धा म्हणा, टाके दोन आहेत.

मिरजकरीण | शुक्रवार, सकाळी ९:२०

विलंबित कोण म्हणालं? द्रुत लावा, तराणा लावा. झोप लागली तर माझं नाव बदला.

कारवारी_पेडवे | शुक्रवार, सकाळी ११:१०

घाटातलं सांगतो, आम्ही तिथले. अरबैलमध्ये नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, एक ट्रक बंद पडला की सगळं ठप्प होतं. गाणी उतरवूनच आणा.

आणि खाली आल्यावर काचा बंद करून तुमचंच काय ते ऐकत बसू नका राव. होन्नावरचा शरावतीचा पूल, पुढे भटकळ, आणि मरवंतेला हायवेच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, तिथे गाडीतलं काही लावायची गरजच पडत नाही. डिसेंबर म्हणजे यक्षगानाचा, आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा हंगाम. रात्री कुंदापूरच्या आसपास कुठेतरी शेतात मंडप दिसेल, चंड्याचा, म्हणजे त्यातल्या ढोलाचा आवाज लांबूनच येतो. काच खाली घ्या, शक्य असेल तर उतरा.

कोळीगीतांबद्दल, मॅगीभाऊ, मी मासेमारीवाल्या घरातला. 'मी डोलकर' मलाही आवडतं, शांताबाई आणि हृदयनाथ, त्यात हेमंतकुमार, तोड नाही. पण दहा वर्षं प्रत्येक वरातीत ऐकल्यावर माणूस डोंगरात राहायला जावंसं म्हणतो.

ऑरेंजकाउंटीचा_आप्पा | शुक्रवार, रात्री १०:०२

इथे सकाळ आहे, कॉफी घेऊन बसलोय, जरा लांबण लागणार आहे.

मी कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचपासून वीस मिनिटांवर १४ वर्षं राहतो आणि एकदाही बोर्डवर उभा राहिलेलो नाही. बायको टोमणे मारते. माझं उत्तर ठरलेलं आहे, सर्फिंगची गाणी गाणाऱ्या बीच बॉइज बँडमध्ये तरी खरे सर्फर किती जण होते? एकच, ड्रमवाला डेनिस विल्सन. बाकीच्यांनी किनाऱ्यावरूनच जगाला सर्फिंग शिकवलं.

लंबूभाऊंच्या प्लेलिस्टवर सगळे तुटून पडलेत म्हणून त्यांची बाजू घेतो. ही सर्फ गिटार इथलीच, माझ्या घराजवळची. न्यूपोर्टच्या बाल्बोआ भागात एक मोठं नाचघर होतं, तिथे १९६१ मध्ये डिक डेल वाजवायचा, डावखुरा माणूस, स्वतः सर्फर, आणि पोरं किनाऱ्यावरून सरळ तिथे नाचायला. त्या गिटारचा तो पाण्यातून आल्यासारखा ओला आवाज असतो ना, तो स्प्रिंगचा. फेंडर कंपनीने १९६१ मध्येच एक खोका काढला, आत खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा, सूर त्यातून थरथरत बाहेर येतो.

आता मुद्दा, आणि हा मिरजकरीण ताईंसाठी आहे. डिक डेलची सगळ्यात गाजलेली धून म्हणजे 'मिसिर्लू', १९६२ ची. 'पल्प फिक्शन'च्या सुरुवातीला वाजते तीच, ऐकली तर सगळे ओळखाल. ती मुळात त्याची नाहीच, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जुनी धून आहे, आणि याच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं, त्यामुळे ती याच्या कानात लहानपणापासून होती. तिचे सूर पेटीवर काढून बघा. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी.

ताई, हा भैरव थाट आहे, म्हणजे भैरवाचेच सात सूर. कॅलिफोर्नियातली पोरं साठ वर्षांपूर्वी भैरवाच्या सुरांवर नाचत होती आणि कोणी त्यांना सांगितलंच नाही.

मिरजकरीण | शुक्रवार, रात्री १०:१८

थांबा. पेटी काढते.

मिरजकरीण | शुक्रवार, रात्री १०:३१

अगं बाई. खरंच की.

पांढरीचार | शुक्रवार, रात्री ११:००

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. सूर तेच असले म्हणजे राग झाला असं होत नाही. भैरवात कोमल रे आणि कोमल ध यांवर आंदोलन हवं, संथ झुलवत न्यायचे सूर ते, आणि तुमचा हा डेल एकाच तारेवर मशीनगन चालवतो. थाट जुळला म्हणा, भैरव म्हणू नका. कर्नाटक संगीतात शिकवणीच याच सुरावलीच्या मायामाळवगौळने सुरू होते, म्हणून पहिलीतल्या पोरानं घोकलेला सरळीवरसा, म्हणजे सुरांचा पहिला पाठ, सर्फ संगीत झालं का?

बाकी आप्पांचा शोध मला आवडला हे कबूल करतो. ऐकून आलो. तीनदा.

@खारट_चहा, टपावरचा तो आवाज कुठल्या पट्टीत आहे?

खारट_चहा | शनिवार, सकाळी ८:४५

@पांढरीचार, लोक काय काय विचारतात! पण काल रात्री खरंच कात्रज बायपासला एक चक्कर मारली आणि बंड्याने फोनवरचं ट्यूनर लावलं. ८५ ला काळी एकच्या जवळपास (पेटीवरची पहिली काळी पट्टी, पांढरी एकच्या लगेच वरची). ९० ला वर सरकतो. गाडी हळू केली की आधी भसाडा होतो मग एकदम बंद.

टपावरचं_सामान | शनिवार, सकाळी ९:३०

मी वर्षभर सायकली, कयाक, गाद्या काय वाट्टेल ते टपावरून नेतो. तो आवाज बोर्डचा नाही, पट्ट्याचा. चपटा पट्टा वाऱ्यात ताणलेला असला की फडफडतो, इतका वेगाने की फडफड दिसत नाही, नुसता सूर ऐकू येतो. उपाय फुकटचा आहे, पट्टा बांधताना त्याला मधे एक-दोन पीळ द्या, सपाट ठेवू नका. वारा मग एकसारखा धरत नाही आणि आवाज बंद. आणि बोर्ड उलटा ठेवताय ना? मेणाची बाजू (ज्यावर उभं राहता ती) खाली, फिन म्हणजे बुडाचं पातं वर आणि पुढे. मेणाची बाजू वर ठेवलीत तर दुपारपर्यंत उन्हात मेण वितळून सगळी माती.

पांढरीचार | शनिवार, सकाळी ९:४१

पीळ देऊ नका!! फुकटचा तंबोरा आहे तो. ताण कमीजास्त केला की सूर बदलेल, खुंटी पिळल्यासारखं.

लाँगबोर्ड_लंबू | शनिवार, सकाळी १०:००

माझ्या बोर्डचा पट्टा सैल करायला जो सांगेल त्याने नऊ फुटी बोर्डची किंमत आधी विचारून घ्यावी.

मॅगी_पॉइंट | शनिवार, सकाळी १०:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लाँगबोर्ड_लंबू | शनिवार, सकाळी १०:२०

एक महत्त्वाची गोष्ट राहिली जी सर्फर नसलेल्यांना कळत नाही. तुम्ही सगळे जातानाचं बोलताय. तिथे रोज सकाळी साडेपाचला उठून बीचवर जायचं असतं, कारण सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो तेव्हा लाटा गुळगुळीत, दहा-अकराला वारा उलटला की सगळा चिवडा. त्या दहा मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये गाणं लागतं ते वेगळं. एकच लागतं, रोज तेच, आणि ते बदलायचं नाही. माझं कुठलं ते सांगणार नाही, हसाल.

खारट_चहा | शनिवार, सकाळी १०:२४

मी सांगतो, एका वॉशिंग पावडरची जुनी जाहिरात.

लाँगबोर्ड_लंबू | शनिवार, सकाळी १०:२५

तुला मुल्कीहून चालत आणणार.

पत्ता_बदलला | रविवार, दुपारी १:१०

पेनड्राइव्हवर घेणार असाल तर आधी घरी लावून बघा. जुन्या गाडीचे स्टिरिओ बरेचदा फॅट३२ फॉरमॅटच वाचतात, नवीन मोठा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतो आणि मग स्क्रीनवर नुसतं 'रीडिंग रीडिंग' करत बसतो. आम्ही गणपतीपुळ्यापर्यंत 'रीडिंग' ऐकलंय.

खारट_चहा | नऊ दिवसांनंतर, मंगळवार, रात्री ९:१५

आलो परत. सगळ्यांचे आभार, वृत्तांत देतो. सर्फिंगचा वेगळा धागा काढेन, इथे फक्त गाणी.

पेनड्राइव्ह एकच, मिरजकरीण ताईंच्या वेळापत्रकाप्रमाणे फोल्डर केले आणि प्रत्येकात शेवटी लंबूची तीन गाणी, असा तह झाला होता. पहाटे चारला द्रुत ललत. ताई, नाव बदलायची वेळ आली नाही, कोणी झोपलं नाही, उलट खंबाटकीला बंड्या मांडीवर ताल धरत होता, चुकीचा, पण धरत होता.

कराडच्या पुढे उजाडायला लागलं आणि भैरव लावला. पट्ट्याला पीळ दिला नव्हता (लंबू म्हणाला होता 'आधी बघू तर खरं'). आणि वर तो हूंऽऽऽ सुरू झाला, गाण्याच्या सूराशी अगदी थोडासा न जुळणारा, म्हणजे दाढेत दुखावं तसा. लंबू मागच्या सीटवरून म्हणाला जरा कमी कर. आवाज कमी करायला गेलो तर म्हणाला, आवाज नाही, गाडी. ८५, ८२, ८०. 'अजून जरा... अजून... हां, थांब, लागला!' आणि खरंच लागला हो. षड्ज, म्हणजे गाण्याचा सा लागला. चौघंही गप्प. अंगावर काटा वगैरे म्हणतात तसं. मग पुढची वीस मिनिटं मी बरोब्बर ७८ वर गाडी ठेवून भैरव चालवला, मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून आईबहिणीची आठवण काढून पुढे जात होते, त्यांना काय सांगणार की बाबा रे, वाढवलं तर सूर जातो.

भैरव संपला आणि फोल्डरमधलं पुढचं लागलं, आप्पांचं 'मिसिर्लू'. दोन सेकंद कोणाला काही कळेना. बंड्याला रागातलं ओ की ठो कळत नाही, तो म्हणाला, 'अरे हे आत्ताचंच फास्ट केलंय का?' आप्पा, जिंकलात. पांढरीचार, तुमचं आंदोलनाचं बरोबर असेल पण बंड्यापुढे तुमचं चालणार नाही.

कागलपर्यंत ही मजा होती. मग चढ, उतार, समोरून बस, दर मिनिटाला वेग बदलतोय आणि तंबोरा खालीवर होतोय, निपाणीला आम्ही वेडे व्हायच्या बेताला आलो. चहाला थांबलो, दोन पीळ दिले, आवाज बंद. टपावरचं_सामान यांना दंडवत.

हुबळीला सारंग वाजला पण सगळे जेवत होते. घाटात यंदाही ट्रक, यंदा भीमपलास, आणि खरं सांगू का, मधेच बंड्याने बेडूकमामाची फर्माईश केली आणि ते आम्ही चौघांनी पाठ म्हटलं. मारवा हुकला, कुमठ्याला गोळीबजे खायला थांबलो तिथे तासभर मोडला आणि सूर्य भटकळच्या आधीच बुडला. मरवंतेला पूर्ण अंधार, नुसता डाव्या हाताला नदीवर कुठे कुठे दिवा आणि उजव्या हाताला आवाज. कारवारी म्हणाले तसं काहीच लावलं नाही. कुंदापूरच्या पुढे चंड्या ऐकू आला, शेतात मंडप होता, उतरलो. कन्नड एक अक्षर कळत नव्हतं, राक्षस कोण आणि राजा कोण यावर पैज लागली. लंबू मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, सकाळच्या लाटा चुकतील म्हणून. अर्ध्या तासाने ओढून नेलं आम्हाला.

परतीचं थोडक्यात. परतताना कोणालाही गाणं नको होतं. खांदे गेलेले, मानेवर बोर्ड घासून साल निघालेली, आणि चौघांच्या कानात मिळून पाव लिटर समुद्र. अंकोल्याला वाकून बुटाची लेस बांधायला गेलो तर नाकातून खारं पाणी धो धो, काल सकाळचं! मला उजव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. पेनड्राइव्ह लावला पण आवाज इतका बारीक की लावला न लावला सारखंच.

धारवाडच्या अलीकडे रात्री चहाला थांबलो. पैसे देऊन आलो तर लंबू दारावर पाय ठेवून टपाशी काहीतरी करत होता. म्हटलं काय रे, सैल झालाय का? म्हणाला, नाही, पीळ काढतोय.

टपावरचं_सामान | मंगळवार, रात्री ९:४०

पीळ काढल्यावर बकल परत ताणून घेतलं होतं ना पण? बोर्ड नीट पोचलं का?

लाँगबोर्ड_लंबू | मंगळवार, रात्री ९:४४

पोचलं. कोल्हापूरपर्यंत पांढरी एक, पुढे याला झोप यायला लागली म्हणून मी चालवायला घेतली, मग काळी एक.